दुखण्याची गोळी डोक्यात कुठं बसते

माणसाचं डोकं मला बाहेरून पाठ आहे. पन्नास वर्षं मी अमडापुरात लोकांच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणाचा भोवरा कुठं, कोणाला दोन भोवरे, कोण लहानपणी झाडावरून पडला आणि त्याच्या टाळूच्या बाजूला खड्डा राहिला, हे मी डोळे मिटून सांगेन. आत काय असतं याचा कधी विचार केला नाही. न्हाव्याचं काम कातडीपाशी संपतं. आतलं काम पडलं ते बायको गेल्यावर.

मी चौथी शिकलो आहे. लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला गेलो की अर्धंच सांगून होतं, म्हणून नातीच्या जुन्या वहीत उरलेल्या पानांवर लिहितो.

बायकोला गर्भपिशवीचा कॅन्सर होता. लाजेपायी वर्षभर अंगावर काढला. मग विजेचे शेक झाले, सलाइनी झाल्या, आणि शेवटी मोठ्या शहरातल्या डॉक्टरानं सांगितलं की आता घरी न्या. दुखणं कमरेच्या हाडात उतरलं होतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात एक खोली आहे, तिथं बरी न होणारी माणसं पाहतात. बरी करत नाहीत, दुखू देत नाहीत. तिथली डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं एक छापील तक्ता दिला आणि त्याच्यावर पेन टेकवून म्हणाली, "काका, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दुखो की न दुखो. त्यांनी मागायची वाट पाहायची नाही. दिली की या घरात बरोबरची खूण करायची."

मी विचारलं, "कायची असते बाई ही गोळी?"

"मॉर्फिन. अफूपासूनच निघतं."

ती पुढं बरंच बोलली. मला काही ऐकू आलं नाही. अफू एवढंच ऐकू आलं.

आमच्या लहानपणी बाया निंदायला जाताना तान्ह्या लेकराला बोटाच्या टोकावर अफू चाटवून जात. लेकरू झोपून राही, बाईची मजुरी बुडत नसे. कोणी त्याला वाईट म्हणत नसे. माझी मायही द्यायची. धाकटा भाऊ सहा महिन्यांचा होता, मी सात वर्षांचा. मला पाळण्यापाशी बसवून ती वावरात गेली. मला त्याची टाळू पाहायचा नाद होता. तान्ह्या लेकराची टाळू उडते, आतून कोणी बोट टेकवल्यासारखी. त्या दिवशी ती हळू उडायला लागली. मला वाटलं, झोप गाढ लागली. मग थांबली. पुन्हा उडेल म्हणून मी तिच्यावर बोट ठेवून बसलो. माय दिवस मावळताना आली तेव्हाही माझं बोट तिथंच होतं.

गावात सांगितलं की बाहेरची बाधा झाली. मायनं मरेपर्यंत अफूचं नाव काढलं नाही. मीही नाही. पुढं मी शेकड्यांनी जावळं काढली, पण टाळूवर वस्तरा आला की माझा श्वास आपोआप थांबायचा.

तर त्या गोळीला मी भ्यालो. तिला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही, डॉक्टरणीला तर नाहीच. ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे करायचो. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. बाकीच्या गोळ्या माझ्या धोकटीत, वस्तऱ्याखाली. न्हाव्याच्या धोकटीला घरातलं माणूस हात लावत नाही, हत्यार असतं. तक्त्यावर मात्र पाचही घरांत बरोबरच्या खुणा करायचो. दर पंधरवड्याला बुलढाण्याला जाऊन तो तक्ता दाखवायचो आणि नव्या गोळ्या घेऊन यायचो. डॉक्टरीण विचारायची, "दुखणं आटोक्यात आहे ना?" मी म्हणायचो, "हाव बाई, बरं हाये."

असं दीड महिना.

दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात मी तिचं डोकं दाबायचो. माझ्या मालिशीचं गावात नाव होतं. बाजाराच्या दिवशी खुर्चीत माणसं झोपून जात, घोरत. माझा गर्व असा, की हातानं उतरत नाही असं दुखणं नाही. तिच्या डोक्यावर केस उरले नव्हते, औषधांनी गेले होते. तळहातावर तेल घेऊन कानशिलं, कपाळ, मग मानेच्या वर जी खळगी असते तिथं अंगठे रोवून हळूहळू दाबायचो.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "साऱ्या गावच्या टकुऱ्यावरून हात फिरवला तुमी. माह्यावर आज फिरला."

"तुयी पाळी आज आली."

"बम लांबचा नंबर लावला होता मंग मी."

हसली. हसताना कमरेत कळ आली, तोंड वाकडं झालं. मी विचारलं, "उतरलं का?"

"हाव. उतरलं."

दर वेळी हेच. उतरलं का? उतरलं. मला ते खरं वाटायचं. खरं सांगायचं तर मला ते खरं वाटून घ्यायचं होतं. आमच्या घरात तिनं कधी काही मागितलं नाही. वाढून झाल्यावर भांड्यात उरेल ते खायची, आणि उरलं नाही तर भूक नव्हती म्हणायची. बेचाळीस वर्षं मी ते ऐकलं. त्याच तोंडानं ती उतरलं म्हणायची, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. डोकं दाबताना बोटांना कळायचं, तिच्या जबड्याची हाडं आवळलेली असायची. माणसाला बरं वाटलं की जबडा सैल पडतो. हे मला माझ्या धंद्यानं शिकवलेलं. तरी मी पुढं जाऊन कानशिलं दाबायचो.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात लेक डोणगावहून सकाळच्या गाडीनं आली. तिचं सासर तिकडं. माय कण्हत होती, डोळे अर्धे उघडे, ओळख पटेनाशी झालेली. दोन वाजले. लेक म्हणाली, "बाबा, गोळी आना."

मी अर्धी आणली. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उठली, सरळ माझ्या धोकटीकडं गेली, वस्तरा बाजूला केला आणि पाकीट काढलं. जसं काही तिला ठाऊकच होतं. एक आख्खी गोळी चमच्यात पाण्यात विरघळवली आणि मायच्या गालाच्या आत थोडी थोडी सोडली. मी तिचा हात धरायला पाहिजे होता, का नव्हता पाहिजे, हे मला तेव्हाही कळलं नाही.

अर्ध्या तासात कण्हणं थांबलं. कपाळावरची घडी गेली. जबडा सैल पडला. दीड महिन्यात पहिल्यांदा. मी उशाशी बसून खळगीवर अंगठा ठेवला होता. चारच्या सुमाराला श्वास गेला. मी अंगठा तसाच ठेवून बसलो. ही दुसरी वेळ.

बाया जमल्या. रडारड सुरू झाली. आणि मी, साऱ्यांच्या देखत, लेकीला म्हणालो, "पुरी गोळी काऊन देल्ली तू? तुह्याच हातानं गेली ते."

लेकीचं रडणं एकदम थांबलं. एवढंच झालं. तेरवीपर्यंत राहिली, भांडी घासली, पाहुण्यांना वाढलं, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेली.

मला मुलगा नाही, म्हणून दहाव्याला मीच मुंडण केलं. शेजारच्या गावचा न्हावी आला होता, माझ्याच वयाचा, दोस्त. त्यानं डोक्यावर पाणी मारलं आणि म्हणाला, "एवढी वर्षं दुसऱ्याचे भादरले, आता बस गुमान." मग थोड्या वेळानं म्हणाला, "टकुरं हलवू नको बे."

तेरवी झाल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायला बुलढाण्याला गेलो. कागदावर लिहिलं होतं की उरल्या तर परत आणाव्या. डॉक्टरणीनं पाकिटं टेबलावर मांडली. एक, दोन, तीन. मग हात थांबला.

"काका, एवढ्या कशा उरल्या?"

मी सारं सांगितलं. भावाची टाळूसुद्धा सांगितली. साठ-बासष्ट वर्षांत ती पहिल्यांदा तोंडातून निघाली. शेवटी म्हणालो, "मले एकच सांगा. ते पुऱ्या गोळीनं गेली का? लेकीच्या हातून गेली का?"

ती म्हणाली, "समजावून सांगते."

"समजावू नका. मले आतलं समजत नाई. बोट ठेवून सांगा. डोकं मले समजते."

ती उठून माझ्या मागं आली. माझं डोकं तासलेलंच होतं, नुकते खुंट फुटत होते. बेचाळीस वर्षांत बायकोनंही माझ्या डोक्याला असा हात लावला नव्हता. तिची बोटं थंड होती.

ती म्हणाली, मेंदूत अफूच्या जातीचं औषध जाऊन बसायला जागा असतात. तीन तऱ्हेच्या. नावं मी चिठ्ठीवर लिहून घेतली, म्यू, डेल्टा, कप्पा. त्या सगळीकडं सारख्या पेरलेल्या नाहीत. कुठं दाट, कुठं विरळ. शेतात जसं बी पडतं तसं नाही, कामाप्रमाणं. तिनं माझ्या दोन्ही कानांच्या वर बोटं ठेवली आणि म्हणाली, इथून सरळ आत, अगदी मध्यात, साऱ्या अंगाचं दुखणं आधी येऊन जमतं. तिथं म्यू दाट. गोळी तिथं बसली की दुखण्याचा निरोप पुढं जाताना बारीक होतो. मग कपाळावर बोट टेकवलं, याच्या मागं. इथंही आहेत. इथं बसली की दुखतं हे कळतं, पण त्याचा जाच वाटत नाही. वरच्या थरात डेल्टा आहेत, त्यांचं काम जास्त करून मनाच्या हलकेपणाशी. खाली, टाळूपासून उभी सळई घातली तर जिथं पोचेल तिथं, तहान-भुकेच्या जागेजवळ कप्पा. ती जास्त दाबली गेली तर दुखणं उतरतं पण माणसाला भेसूर वाटतं, भीती वाटते. तुमची गोळी जास्त करून म्यूवर बसते.

मग तिचं बोट माझ्या मानेच्या वरच्या खळगीवर आलं. जिथं मी अंगठा ठेवायचो, बरोबर तिथं.

"आणि इथं, या हाडाच्या आत, खाली. श्वास चालवायची जागा इथं आहे. म्यू इथंही आहेत."

मी म्हणालो, "म्हंजे जे दुखणं थांबवते तेच श्वास थांबवते."

"हो. एकाच जातीच्या बैठका, दोन ठिकाणी. म्हणून मोजून द्यायची, वेळेवर द्यायची, थोड्यापासून वाढवायची. तुमच्या भावाला कोणी मोजून दिलं नव्हतं. सहा महिन्यांच्या लेकराची ही जागा कच्ची असते. तो अफूनंच गेला असणार, काका. खोटं सांगत नाही."

मला तिचं हे आवडलं.

"आता मी विचारते ते सांगा. त्या दिवशी सकाळी, गोळीच्या आधी, त्यांचे पाय कसे होते?"

"थंड. गुडघ्यापर्यंत."

"लघवी?"

"आदल्या दिवसापासून नाई."

"श्वास? सारखा चालू होता की मधे थांबत होता?"

"चार-पाच जोरानं घे, मंग थांबे. मंग पुन्हा. पहाटेपासून तसाच."

"गोळी दिल्यावर तो आणखी हळू झाला?"

मी आठवून पाहिलं. माझा अंगठा तिथंच होता, मला चुकायचं कारण नव्हतं. "नाई. तसाच राह्यला."

ती माझ्यासमोर येऊन बसली. "मग त्या निघालेल्याच होत्या. एका गोळीनं त्यांना नेलं नाही. लेकीनं फक्त एवढं केलं की जाताना दुखलं नाही."

खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या छातीवरचं एक ओझं खाली पडलं. पण त्याच्या मागं दुसरं उभंच होतं, ते लगेच येऊन बसलं. मी विचारलं, "मंग त्याच्या आधीचा दीड महिना?"

बाहेर कंपाउंडर कोणाचं तरी नाव पुकारत होता.

"दिवसाच्या पाच गोळ्यांतली एकच मिळत होती त्यांना," ती म्हणाली. "दुखत होतं, काका. खूप दुखत असणार."

"मी डोकं दाबत होतो. ते म्हणे उतरलं."

"मायेच्या हाताचं थोडं खरं असतं. हात फिरला की शरीर स्वतःच अफूसारखं काहीतरी तयार करतं आणि ते याच जागांवर जाऊन बसतं. त्या जागा अफूसाठी नाहीतच मुळी, आपल्या अंगच्या औषधासाठी आहेत."

"किती उतरलं असंन?"

"थोडं."

"गोळीइतकं?"

"नाही."

मला वाटत होतं, तिनं इथं तरी खोटं बोलावं. ती बोलली नाही. गोळ्या मोजून वहीत लिहिल्या, माझा अंगठा घेतला. सही येते, तरी अंगठाच दिला.

स्टँडवर येऊन अमडापूरची गाडी सोडली. चिखलीला उतरून मेहकरची धरली, मेहकरहून डोणगावची. वाटभर तूर सोंगून झालेली वावरं होती. मला एवढंच करायचं होतं, लेकीला सांगायचं की तिच्या हातून काही झालं नाही. पण ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागणार होतं. नुसतं तिचं सांगून ती सुटणार नव्हती. तिला सोडवायचं तर मी बांधला जाणार होतो. मेहकरच्या स्टँडवर मी एकदा माघारीही फिरलो. चहा घेतला, पुन्हा बसलो.

लेक अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या आणून दिला. बसा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच बोललो. डॉक्टरणीनं जसं सांगितलं तसं, माझ्याच डोक्यावर बोटं ठेवून ठेवून. इथं दुखणं, इथं जाच, इथं श्वास. पाय थंड होते ते, श्वास थांबे ते. म्हणालो, "तुह्या हातानं नाई गेली. मी खोटं बोललो साऱ्यांसमोर. आन् गोळ्या मी लपवल्या होत्या. दीड महिना अर्धी अर्धी देल्ली मी तिले."

ती म्हणाली, "मले माहीत होतं."

डोक्यावरचं बोट मी खाली घेतलं.

"मार्गशीर्षात मी आली होती ना एक दिवस, तवाच मायनं सांगतलं. म्हणे, तुया बाप गोळी तोडते आन् धोकटीत ठेवते. मी म्हटलं, मी बोलतो त्याच्याशी. तं तिनं माह्या पोरीच्या गळ्याची शपथ घातली. म्हणे, बोलू नको. तो भेते त्या गोळीले. काऊन भेते ते मले माहीत नाई, पण हात थरथरते त्याचा तोडताना. डोकं दाबून देते तवा त्याले बरं वाटते. त्याले बरं वाटू दे."

तिनं सूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"शपथ मोडून देल्ली मी ते गोळी. आन् दोन तासात माय गेली. आन् वरून तुमी तसं बोलले. मले वाटलं, शपथेचंच झालं. पोरीकडं पाहूशी वाटे नाई मले."

मी म्हणालो, "शपथेचं काई नसते. पाय आधीच थंड होते."

"हाव," ती म्हणाली. "आयकलं मी."

नात शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्या टकलावरून हात फिरवून हसली, आणि आत गेली. लेकीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग जेवायला वाढलं. मी जेवलो. माझं झाल्यावर ती भांड्यात पाहून स्वतःचं वाढायला लागली. मी म्हणालो, "आता रोज आधी तू जेवत जाय." ती म्हणाली, "माह्या घरात मी आधीच जेवतो, बाबा. तुमच्याच घरात नव्हतं तसं."

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो.

दुकान मी पुन्हा उघडलं आहे. हात बरा चालतो अजून. बाजाराच्या दिवशी जुनं गिऱ्हाईक खुर्चीत मागं टेकून म्हणतं, "जरा डोकं दाबून द्या बाप्पा, ठणकून राह्यलं." मी नाही म्हणतो. मेडिकलात जाय म्हणतो, गोळी घे. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचे हात थकले. तसं वाटू देतो.

केस कापून झाले की मागून मान साफ करावी लागते. वस्तरा त्या खळगीपाशी येतो. पूर्वी तिथून मी दोन फटक्यांत निघून जात असे. आता तिथं हात हळू होतो. मी वस्तरा उचलून धरतो, डावा अंगठा टेकवतो आणि एक पूर्ण श्वास आत गेल्याचं, बाहेर आल्याचं कळेपर्यंत थांबतो. गिऱ्हाईक विचारतं, "काय झालं?"

मी म्हणतो, "काई नाई. हलू नको."